छतावरचे सव्वातीन किलोवॉट : ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजनेचा वर्षभराचा हिशोब

आमच्या घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसून डिसेंबर २०२५ अखेर एक वर्ष पूर्ण झाले. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे जुने, दुमजली, स्लॅबचे घर आहे. घरात माणसे पाच, फ्रीज एक, पाण्याची मोटर एक आणि फक्त उन्हाळ्यात चालणारा एसी एक. या यंत्रणेसाठी मी १ लाख ९६ हजार रुपये मोजले आणि त्यांतले ७८ हजार केंद्र सरकारने ‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजने’तून माझ्या खात्यात जमा केले. म्हणजे या खरेदीत गिऱ्हाइके दोन होती, एक मी आणि दुसरी सरकारी तिजोरी. वस्तू कशी निघाली हे सांगताना दोघांच्याही बाजूने सांगायला हवे, कारण सौर पॅनेलांविषयीचे बहुतेक अभिप्राय ‘बिल शून्यावर आले’ या आनंदाच्या वाक्यापाशी थांबतात आणि तिजोरीने मोजलेल्या रकमेची वसुली झाली का, हे विचारायचे राहून जाते.

योजनेची मूळ आखणी थोडक्यात अशी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी ७५,०२१ कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली आणि २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरांच्या छतांवर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला सरसकट ७८ हजार रुपये असे अनुदान आहे. उत्पन्नाची अट नाही. स्वतःचे छत, चालू वीजजोडणी आणि पूर्वी अशा पॅनेलांवर अनुदान घेतलेले नसणे एवढे पुरते. छतावरच्या सौरऊर्जेसाठी सरकारने पैसे देण्याची ही काही पहिली वेळ नाही. २०१९ पासून चालू असलेल्या आधीच्या कार्यक्रमातही तीन किलोवॉटपर्यंत ४० टक्के अनुदान होते, आणि २०२२ पर्यंत देशभरातल्या छतांवर ४० गिगावॉट क्षमता उभारायची घोषणा होती. प्रत्यक्षात मार्च २०२४ अखेरीसही हा आकडा १२ गिगावॉटच्या आतच अडकला होता. त्यामुळे नवी योजना आली तेव्हा मी तिच्याकडे थोड्या संशयानेच पाहिले, हे कबूल करतो.

अनुदानाचा आकडा कसा ठरला हे समजून घेण्यासारखे आहे, कारण विक्रेते ते सांगत नाहीत. सरकारने पहिल्या दोन किलोवॉटांची किंमत प्रत्येकी ५० हजार आणि तिसऱ्याची ४५ हजार धरली. पहिल्या दोनवर ६० टक्के आणि तिसऱ्यावर ४० टक्के देऊन ७८ हजार ही रक्कम निघते. म्हणजे कागदावर तीन किलोवॉटची यंत्रणा १ लाख ४५ हजारांना मिळते आणि निम्म्याहून अधिक भार सरकार उचलते. मी चार ठिकाणांहून दरपत्रके मागवली तेव्हा सर्वांत स्वस्त १ लाख ७५ हजारांचे होते आणि सर्वांत महाग २ लाख २० हजारांचे. मी निवडलेल्या विक्रेत्याने १ लाख ८२ हजार सांगितले आणि पॅनेलांचा सांगाडा उंच करण्याचे १४ हजार वेगळे लावले. याचा अर्थ माझ्या वाट्याला आलेले अनुदान प्रत्यक्ष खर्चाच्या ४० टक्क्यांच्या आसपास आहे. तेही कमी नाही. पण जाहिरातीतले प्रमाण आणि बाजारातले प्रमाण यांतल्या फरकाची रक्कम घरमालकाच्या खिशातून जाते, हे आधी माहीत असलेले बरे.

या फरकाचे एक कारण धोरणातच आहे. अनुदान हवे असेल तर नुसते पॅनेल भारतात बनलेले असून भागत नाही, त्यातला सेलही (उन्हापासून वीज तयार करणारी पातळ चकतीही) भारतीय असावा लागतो. बाजारात आयात केलेल्या सेलांचे पॅनेल बरेच स्वस्त मिळते, आणि अनेक विक्रेते ‘अनुदानाच्या भानगडीत पडू नका, मी तुम्हाला तसेच स्वस्तात बसवून देतो’ असे सुचवतात. तो सल्ला अगदीच खोटा नसतो. घरगुती मागणीच्या जोरावर देशी कारखाने उभे करायचे हा या योजनेचा अर्धा हेतू आहे. त्याच हेतूने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाखाली सौर पॅनेलांच्या कारखान्यांसाठी २४ हजार कोटी रुपये वेगळे ठेवलेले आहेत. तेव्हा ७८ हजारांतला काही भाग घरमालकाच्या हातून फक्त पुढे सरकतो आणि सेल बनवणाऱ्या कारखान्याकडे पोहोचतो. मला त्यात गैर वाटत नाही. मात्र ‘मोफत वीज’ असे नाव देताना ही उद्योगाला दिलेली चालना आहे, हेही कुठेतरी ठळकपणे लिहायला हवे होते.

आता अर्जाविषयी. राष्ट्रीय पोर्टलवरचा अर्ज मराठी वाचता येणाऱ्या आणि मोबाइल हाताळणाऱ्या माणसाला तासाभरात भरता येतो. ग्राहक क्रमांक टाकला की वीजजोडणीचा तपशील आपोआप येतो, आणि आमचे घोडे तिथेच अडले. बिल आजोबांच्या नावावर होते. आजोबा १९९८ साली वारले. त्यानंतर वडिलांनी आणि मग मी नेमाने बिल भरले, पण नाव बदलावे असे कोणालाच वाटले नाही. अनुदान मात्र ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्याच बँक खात्यात येते. त्यामुळे मृत्यूचा दाखला, घराचा मिळकत उतारा आणि वारसांची संमती हे सारे गोळा करावे लागले. दोन चुलत भाऊ पुण्यात, एक बडोद्याला. संमतिपत्रावर सही करताना घराची वाटणी तर होत नाही ना, याची खात्री प्रत्येकाने दोन-दोनदा करून घेतली. यात पाच आठवडे गेले आणि त्याचा दोष मी कोणत्याही कार्यालयाला देणार नाही. पण महाराष्ट्रातल्या गावठाणांत किती घरांची बिले अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या एका अटीचे वजन कळेल.

नाव बदलल्यावर मात्र गाडी सुसाट सुटली, आणि त्याचे श्रेय अनुदानापेक्षा नियमांना आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली, आणि दहा किलोवॉटपर्यंतच्या छतावरील यंत्रणांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीशिवायच मंजुरी मिळाल्याचे मानले जाऊ लागले. पाच किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेसाठी रोहित्र किंवा वाहिनी वाढवावी लागली तर तो खर्च वितरण कंपनीने करायचा, असेही ठरले. पूर्वी ‘तुमच्या भागातल्या डीपीवर जागा नाही’ या एका वाक्यात अर्ज गारद होत असे. ते वाक्य या वेळी ऐकावे लागले नाही. आधीच्या कार्यक्रमात पैसे होते आणि तरीही छते रिकामी राहिली, याचे मोठे कारण मला या एका दुरुस्तीत दिसते.

विक्रेता नोंदणीकृत होता. नोंदणीकृत असणे म्हणजे चोख असणे नव्हे, हे मला महिन्याभरात कळले. त्याने आधी माझ्या गळ्यात पाच किलोवॉटची यंत्रणा मारण्याचा प्रयत्न केला, कारण अनुदान तीनच्या पुढे वाढत नसले तरी त्याचा नफा वाढतो. आमचा वापर महिन्याला सरासरी २४० युनिटांचा आहे, तीन किलोवॉट त्याला पुरून उरतात, हे मी वर्षभराची बिले समोर मांडून दाखवल्यावर तो नमला. मग सांगाड्याची गोष्ट निघाली. त्याच्या दरपत्रकात अडीच फूट उंचीचा सांगाडा होता आणि आमच्या गच्चीचा कठडा साडेतीन फुटांचा. हिवाळ्यात दुपारनंतर कठड्याची सावली खालच्या रांगेवर पडली असती. एका पॅनेलवर सावली पडली की त्याच्याशी एकाच माळेत जोडलेल्या बाकीच्यांचीही निर्मिती घसरते. ते टाळण्यासाठी वर सांगितलेले १४ हजार द्यावे लागले. पैसे गेले, पण सांगाड्याखाली माणूस ताठ उभा राहू शकतो, आणि आई तिथे आता कुरडया वाळत घालते.

खरी चालढकल अर्थिंगमध्ये झाली. पॅनेलांकडून येणाऱ्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाच्या) बाजूला, घराकडे जाणाऱ्या एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या प्रवाहाच्या) बाजूला आणि वीजरोधक दांड्याला अशी तीन स्वतंत्र अर्थिंग जमिनीत उतरवायची असतात. विक्रेत्याच्या माणसांनी एकच खड्डा खणून त्यात तिन्ही तारा सोडल्या आणि वरून सिमेंटची तीन झाकणे मांडली, जणू खाली तीन खड्डे आहेत. माझा मेहुणा वायरमन आहे; त्याने एक झाकण उचलून पाहिले आणि आम्ही काम थांबवले. दुसऱ्या दिवशी उरलेले दोन खड्डे खणले गेले. ज्याच्या घरी वायरमन मेहुणा नाही त्याच्या अंगणात आज किती रिकामी झाकणे असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. अनुदानापूर्वी तपासणी होते, ती आमच्याकडेही झाली. पण जमिनीखालचे अर्थिंग बघायला कोण खणत बसणार?

कर्जाचा प्रयत्न मी केला आणि सोडून दिला. या योजनेत तीन किलोवॉटपर्यंत तारणाविना, त्या काळात सुमारे सात टक्के व्याजाने कर्ज मिळण्याची सोय होती, आणि कागदावर ती अतिशय चांगली आहे. मी ज्या बँकेच्या शाखेत गेलो तिथल्या अधिकाऱ्यांनी मला आधी सोनेतारण सुचवले, मग मुदतठेवीवरचे कर्ज सुचवले, आणि शेवटी ‘परिपत्रक पाहून सांगतो’ असे म्हणाले. तीन आठवड्यांत परिपत्रक सापडले नाही. मी निवृत्त शिक्षक आहे, हाताशी पैसे होते, म्हणून पुढे गेलो. अनुदान नंतर येते, पूर्ण रक्कम मात्र आधी द्यावी लागते. त्यामुळे ज्याच्याकडे दोन लाख रोख नाहीत त्याच्यासाठी हे कर्ज म्हणजेच योजना आहे, आणि ते न मिळाल्यास ७८ हजारांचा त्याला काहीही उपयोग नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही दिशांनी मोजणारे मीटर, म्हणजे नेट मीटर, बसले आणि त्यानंतर तेविसाव्या दिवशी ७८ हजार रुपये थेट खात्यात आले. यंत्रणा उभी राहून, मीटरला जोडली जाऊन वीज निर्माण करू लागल्याशिवाय सरकारचा एक रुपया सुटत नाही, आणि सुटतो तेव्हा तो विक्रेत्याच्या हातात न पडता मालकाच्या खात्यात येतो. बायोगॅसच्या टाक्या, सौरचुली आणि गावोगावी गंजत पडलेले सौर पथदिवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या क्रमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्या वेळी अनुदान वस्तू पुरवल्याबद्दल होते, इथे ते वस्तू चालल्याबद्दल आहे. निदान पहिल्या दिवशी तरी.

वर्षभराचे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. ५४० वॉटची सहा पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॉट. मार्चमध्ये ४३० युनिटे निर्माण झाली, जुलैमध्ये २०५. मे महिना एरवी भरघोस असतो, पण २०२५ च्या मे महिन्यात पावसाने आधीच ठाण मांडल्यामुळे ३३० वरच समाधान मानावे लागले. वर्षाची बेरीज ३,९०५ युनिटे झाली, म्हणजे एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण ३.३. विक्रेते सर्रास चार सांगतात. राजस्थानात ते खरे असेल, सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिने ढगांखाली काढणाऱ्या छताकडून ती अपेक्षा करू नये. योजनेत सांगितलेली महिन्याची ३०० युनिटे मात्र वर्षाच्या सरासरीत मिळाली.

आमच्या भागाची एक खास अडचण कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. गाळपाचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या धुराड्याची काजळी आणि शेतात जाळलेल्या पाचटाची राख यांचा थर पॅनेलांवर बसतो. नोव्हेंबर ते मार्च हे स्वच्छ उन्हाचे महिने, आणि नेमके तेव्हाच पॅनेल काळवंडतात. दहा दिवस धुतले नाही तर रोजच्या निर्मितीत दीड-दोन युनिटांचा फरक पडतो, हे मी दोनदा मुद्दाम न धुता पाहिले. सकाळी ऊन चढण्यापूर्वी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये.

बिलाचे म्हणाल तर २०२४ साली आम्ही वर्षाला २,९०० युनिटांसाठी साधारण ३१ हजार रुपये भरले होते. आता महिन्याला स्थिर आकार आणि त्यावरचा वीज शुल्काचा भाग मिळून दीडशे-एकशे साठ रुपये येतात. ‘मोफत’ हा शब्द त्यामुळे थोडा सैल आहे, पण तक्रार करण्याजोगा नाही. वर्षाला २९ हजार वाचले तर माझे १ लाख १८ हजार चार वर्षांत वसूल होतात. अनुदान नसते तर पावणेसात वर्षे लागली असती. पॅनेलांच्या कामगिरीची हमी पंचवीस वर्षांची असते, त्यामुळे पावणेसात वर्षांचा सौदाही काही तोट्याचा नव्हता. मग ७८ हजारांशिवाय मी हे केले असते का? खरे उत्तर असे की गणिताने केले असते, पण स्वभावाने केले नसते. २०१९ पासून गणित जवळजवळ हेच होते आणि मी हललो नव्हतो.

आता जी गोष्ट मला या वर्षात सर्वांत महत्त्वाची वाटली ती सांगतो. मला मिळालेले मोठे अनुदान ७८ हजारांचे नाहीच; ते भिंतीवरच्या मीटरमध्ये आहे. आमच्या २,९०० युनिटांपैकी दिवसा, पॅनेल चालू असताना, थेट वापरली जाणारी जेमतेम साडेनऊशे आहेत. उरलेली सुमारे १,९५० युनिटे आम्ही संध्याकाळी आणि रात्री वापरतो, म्हणजे दुपारी वीज वाहिनीत सोडतो आणि रात्री तितकीच परत घेतो. महिन्याला शंभर युनिटांच्या पुढच्या दराच्या टप्प्यातले रात्रीचे युनिट अकरा-बारा रुपयांच्या घरात पडते. दुपारचे सौर युनिट बाजारात मोठ्या प्रकल्पांकडून अडीच-तीन रुपयांना मिळते. नेट मीटर या दोन युनिटांची एकास एक अदलाबदल करते. माझी दुपारची वीज तीन रुपयांनी विकत घेतली असती आणि रात्रीची मला नेहमीच्या दराने विकली असती, तर वर्षाला साधारण दहा हजार रुपये अधिक मोजावे लागले असते. म्हणजे आठ वर्षांत मीटरचे छुपे अनुदान तिजोरीच्या उघड अनुदानाला मागे टाकते, आणि पुढेही चालू राहते.

हे दहा हजार कोण भरते? अर्थसंकल्पातून ते येत नाहीत. ते वितरण कंपनीच्या ताळेबंदात पडतात आणि कालांतराने, दर ठरताना, ज्यांच्याकडे छत नाही अशा ग्राहकांमध्ये वाटले जातात. महाराष्ट्रात वरच्या टप्प्यातले ग्राहक जास्त दर देतात म्हणून खालचे टप्पे आणि शेतीची वीज स्वस्त ठेवता येते. नेमके तेच वरच्या टप्प्यातले ग्राहक एकेक करून छतावर पॅनेल बसवत आहेत. माझ्यासारखा माणूस बिलातून बाहेर पडला की त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्याकडे सरकतो. नेट मीटर काढून टाका असे मी म्हणत नाही, तसे म्हटले तर घरी जेवण मिळणार नाही. पण तिजोरीतल्या ७५ हजार कोटींची चर्चा होते आणि या दुसऱ्या रकमेची होत नाही, हे खटकते.

तिजोरीच्या बाजूने दुसरा हिशोब रोजगाराचा. मंत्रिमंडळाच्या निर्णयासोबत सुमारे १७ लाख थेट रोजगारांची अपेक्षा जाहीर झाली होती; त्यात कारखाने, वाहतूक, विक्री, उभारणी आणि देखभाल सारे आले. आमच्या गच्चीवर पाच माणसे दोन दिवस राबली. प्रत्येक घराला दहा मनुष्यदिवस धरले तर एक कोटी घरांचे दहा कोटी मनुष्यदिवस होतात, आणि वर्षाला अडीचशे दिवस कामाचे धरले तर ते चार लाख माणसांचे एका वर्षाचे काम ठरते. तीन वर्षांत विभागले तर एका वेळी सव्वा ते दीड लाख माणसे. १७ लाखांतला उरलेला मोठा भाग कारखान्यांतून, वाहतुकीतून आणि देखभालीतून यायला हवा, आणि देखभालीचा माझा अनुभव पुढे सांगतोच. तरीही ही माणसे कोण होती ते लिहायला हवे : दोन गावातलेच आयटीआय झालेले मुलगे, एक फॅब्रिकेशनवाला आणि दोन हेल्पर. आमच्या तालुक्यात दोन वर्षांपूर्वी हे काम करणारा एकही माणूस नव्हता, आता चार टोळ्या आहेत. पॅनेल कारखान्यातून आले, पण सांगाडा, वेल्डिंग, खड्डे आणि तारांचे पैसे तालुक्यातच राहिले.

मंदीच्या काळात स्वच्छ ऊर्जेवर पैसा ओतून दोन्ही पक्षी मारण्याचा प्रयोग अमेरिकेने २००९ साली मोठ्या प्रमाणावर केला होता. सुमारे ९० अब्ज डॉलर त्यासाठी गेले, त्यांतले पाच अब्ज गरिबांच्या घरांना थंडीपासून बंदिस्त करण्याच्या कामावर. लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र ५३.५ कोटी डॉलरची कर्जहमी मिळवून २०११ मध्ये दिवाळखोरीत गेलेली सॉलिंड्रा ही एक पॅनेल कंपनी. एका कंपनीवर मोठी रक्कम लावण्यापेक्षा लाखो छतांवर छोट्या रकमा लावण्यात हा धोका कमी, हे सूर्यघरच्या बाजूने मान्य करावे लागेल. आपल्याकडचा अधिक जवळचा दाखला मात्र एलईडी बल्बांचा आहे. २०१५ च्या ‘उजाला’ योजनेत सरकारने बल्बावर जवळपास अनुदानच दिले नाही, फक्त प्रचंड संख्येने एकत्र खरेदी केली, आणि खरेदीचा दर ३१० रुपयांवरून ३८ रुपयांवर आला. चाळीतल्या खोलीपासून बंगल्यापर्यंत तोच बल्ब लागला. सूर्यघरमध्ये खरेदी प्रत्येकाची सुटी आहे, म्हणून किंमत उतरण्याचा वेग विक्रेत्याच्या मर्जीवर राहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा नव्या दरपत्रकांत तो किती उतरला हे मी दोन ठिकाणी विचारले. एकाने चार हजार कमी केले, दुसऱ्याने तारांचे भाव वाढल्याचे सांगितले.

आणि छत ही बल्बासारखी वस्तू नाही. पुण्यातल्या माझ्या भावाची सोसायटी ४८ सदनिकांची; गच्ची सर्वांची, म्हणून कोणाचीच नाही. सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार मिळतात, लिफ्ट आणि पंपाचे बिल त्यातून निम्म्यावर येऊ शकते, तरीही दोन सर्वसाधारण सभांत ठराव झालेला नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या काकूंचे बिल महिन्याला साठ-सत्तर युनिटांचे आहे. खालच्या टप्प्यातला दर कमी असल्याने त्यांच्यासाठी चार वर्षांत वसुलीचे माझे गणित लागूच होत नाही, आणि आधी रोख भरण्याचा प्रश्न तर निघतच नाही. राज्य सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या आणि शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी केंद्राच्या रकमेत आपली भर घालणारी ‘स्मार्ट’ योजना नंतर आणली, ती याच फटीसाठी. काकूंचा अर्ज मी भरून दिला आहे. सातारा जिल्ह्यातच पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने अख्खे गाव सौरऊर्जेवर आणून दाखवले, तेव्हा गावाने एकत्र ठरवले तर पत्रा आणि स्लॅब हा भेद ओलांडता येतो, हे दिसलेले आहे. सुट्या-सुट्या अर्जांतून ते होताना मला दिसत नाही.

देखभालीची गोष्ट राहिली. योजनेनुसार विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करायची असते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलांची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्रावर, लाल दिवा लागला आणि निर्मिती थांबली. विक्रेत्याचा फोन पहिले तीन दिवस लागला नाही, पुढचे तीन दिवस ‘उद्या माणूस येतो’ असे उत्तर आले, आणि नवव्या दिवशी आलेल्या मुलाने डीसी पेटीतला ओलाव्याने खराब झालेला फ्यूज वीस मिनिटांत बदलला. जुलैतले नऊ दिवस म्हणून सत्तर-ऐंशी युनिटांवर निभावले. मार्चमध्ये हेच सव्वाशेच्या घरात गेले असते. ७८ हजार एकदम देण्याऐवजी त्यांतले पाच-सात हजार मागे ठेवून तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी, मीटरवरची निर्मिती पाहून दिले असते, तर त्या विक्रेत्याचा फोन पहिल्या दिवशी लागला असता अशी माझी खात्री आहे. अनुदान वस्तू चालल्याबद्दल आहे असे मी वर म्हटले; ते पहिल्या दिवसापुरते न ठेवता पाचव्या वर्षापर्यंत न्यायला हवे.

घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना, कारण यावर घरोघरी भांडणे झालेली मी पाहिली आहेत. वाहिनीतली वीज गेली की भर उन्हातही हे पॅनेल बंद पडतात. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसेच असायला हवे. भारनियमनावर उपाय म्हणून ही यंत्रणा घेऊ नका, त्यासाठी बॅटरी लागते आणि तिचा हिशोब वेगळा.

स्वतःच्या नावाचे बिल, सावली नसलेले स्लॅबचे छत आणि महिन्याला दीडशेहून अधिक युनिटांचा वापर असेल, तर ही योजना नक्की घ्यावी. पाचपैकी चार गुण मी तिला देतो, आणि कापलेला गुण विक्रेत्यांच्या देखरेखीचा आहे. तिजोरीच्या वतीने तीन. येत्या ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपताना आमच्या खात्यावरच्या शिल्लक युनिटांचा हिशोब होईल आणि ती घरगुती दराच्या मानाने अगदी किरकोळ भावाने घेतली जातील. वर्षाला हजारभर युनिटे अशी वाया घालवण्यापेक्षा घरच्यांनी परवा इंडक्शनची शेगडी आणली. दुपारचा भात-वरण आता त्यावर होते. भाकरी मात्र आई गॅसवरच करते, इंडक्शनवर ती फुगत नाही म्हणते.